फोटोतली आत्या

आमच्या स्टुडिओत नवीन काहीही आलं की ते आधी माझ्या चेहऱ्यावर चालवून बघतात. प्रिंटर नवा आला की माझा फोटो, कागद बदलला की माझा फोटो. ही पद्धत वडिलांनी घातली. माझ्या डाव्या गालावर डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत तांबडा डाग आहे, जन्मापासूनचा. तो रंग कागदावर उतरवणं महाकठीण. जरा चुकलं की डाग जांभळा होतो नाहीतर विटकरी. तो बरोबर आला म्हणजे मशीन बरोबर, मग बाकीच्या जगाचे चेहरे आपोआप बरोबर येतात. वडील गेले, पद्धत राहिली. प्रिंटरच्या वर भिंतीला माझा तो फोटो चिकटवलेला आहे आणि दादा नवा छाप त्याच्याशेजारी धरून डोळे बारीक करतो. माझा चेहरा इतका निरखून बघणारा तो एकटाच, आणि तोही रंग बघतो.

हे मी हसत सांगते, पण घरात यावर कुणी हसत नाही. माझ्या गालाबद्दल आमच्याकडे कुणी चकार शब्द काढत नाही. प्रेमापोटी असेल असं मला लहानपणी वाटायचं. नंतर कळलं की माझ्या जिभेला घाबरतात.

दादा फोटो काढतो, वहिनी काउंटर सांभाळते आणि मी मागच्या खोलीत बसून रिटचिंग करते. म्हणजे लोकांची मुरमं, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि दुहेरी हनुवट्या घालवते. काम झाल्यावर माणूस ओळखू आला पाहिजे आणि त्याला स्वतःचा हेवाही वाटला पाहिजे. ते मला जमतं. स्टुडिओच्या वरच आमचं घर आहे. तिथं आई असते. आता तिला जिने झेपत नाहीत, त्यामुळं ती खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांना नावं ठेवते. जिभेचं वाण मला तिच्याकडूनच आलंय.

आणखी एक पद्धत आहे, ती कुणी घातली ते मात्र ठाऊक नाही. घरातला फोटो मी काढते. वाढदिवस असो, दादाचं लग्न असो, बारसं असो, सगळे ओळीनं उभे राहतात आणि कॅमेऱ्यामागे मी. कुणीतरी काढायलाच हवा ना, असं म्हणायचं आणि हसायचं. कॅमेऱ्यात टायमर नावाची सोय असते, हे जन्मभर फोटो काढून पोट भरणाऱ्या माणसाला ठाऊक नसावं, असं आमचं घर. अल्बमच्या अल्बम चाळले तरी मी कुठं सापडायची नाही. सापडलेच तर एखाद्या आरशात, कॅमेऱ्यानं तोंड झाकलेली.

ते ॲड-ऑन आणलं छोटीनं. छोटी ही दादाची मुलगी, आता चांगली नोकरी करणारी बाई झाली आहे, पण आम्ही छोटीच म्हणतो. ती माझ्या मांडीवर बसून स्क्रीनवर लोकांच्या तीळ-मुरमांना टिचक्या मारत मोठी झाली. या घरात मला बघून धावत येणारं तेवढं एकच माणूस होतं. तिच्यावर माझा जीव होता. होता म्हणते, पुढं कळेलच.

तिनं सांगितलं की आपण वापरतो त्याच सॉफ्टवेअरला जोडायचं हे नवीन ॲड-ऑन आहे आणि ते चेहरे आपल्या आपण साफ करतं. अजून बीटा आहे, म्हणजे कच्चं. कंपनी ते फुकट देते, आपण वापरायचं आणि कुठं चुकतं ते कळवायचं. थोडक्यात, त्यांची भाकरी आपण भाजून द्यायची, असं मी म्हटलं. दादानंही मान हलवली. कच्चं सामान गिऱ्हाइकाच्या तोंडाला लावायचं नाही, हा त्याचा नियम. वहिनीला मात्र ते फार पसंत पडलं. ताई, तुमच्या डोळ्यांनाही आराम मिळेल, असं ती म्हणाली. वहिनीला माझ्या डोळ्यांची काळजी वाटली की मी माझी खुर्ची घट्ट धरते.

शेवटी ठरलं की आधी घरच्या फोटोंवर चालवून बघायचं, आणि ठेवायचं की काढून टाकायचं ते मी सांगायचं. माझी नजर दादा मानतो. छोटीनं जुन्या फोटोंचं एक फोल्डर उघडलं आणि बटण दाबलं.

इतकं हसलो नव्हतो कित्येक दिवसांत. त्या शहाण्यानं दादाच्या शर्टाचं बटण तीळ समजून पुसून टाकलं. आईच्या मिटलेल्या तोंडात दात भरले, आणि तेही घोड्याचे. वहिनीच्या कानातली एक कुडी ठेवली आणि एक खाल्ली. छोटीच्या गालावरची खळी त्याला खड्डा वाटली, ती बुजवली. वडिलांच्या फोटोत तर त्यांच्या मिशा फिक्या करून त्यांना अगदी बँकेतला कारकून करून ठेवलं. मी एकेक चूक कागदावर टिपत होते आणि मनातून खूश होते. माझी खुर्ची शाबूत होती.

मग दादा सवयीनं म्हणाला की आता टेस्ट फोटो टाक. छोटीनं माझा फोटो उघडला आणि बटण दाबलं.

कुणी हसलं नाही. डाग गेला होता. नुसता गेला नव्हता, कधी नसावाच असा गेला होता. मी स्क्रीनला नाक लावून तपासलं. त्वचेचा पोत जिथल्या तिथं होता, जबड्याखालची सावली बरोबर होती, डोळ्याच्या कोपऱ्यातली बारीक सुरकुतीसुद्धा जाग्यावर होती. बाकी सगळ्यांची वाट लावणाऱ्या त्या कच्च्या ॲड-ऑननं माझं काम असं केलं होतं की मला बोट ठेवायला जागा सापडेना. आणि चेहरा सुंदर होता. मी हे गर्वानं सांगत नाही, धंद्याच्या नजरेनं सांगते. तो एक फार सुंदर चेहरा होता.

आता कुणी म्हणेल, हे तर तुला हातानंही करता आलं असतं. आलं असतं, चहा निवायच्या आत. पण मी स्वतःहून केलं नाही आणि मला तसं सांगायची कुणाची टाप नव्हती. मशीनचं बरं असतं. त्याला काही सांगावं लागत नाही, नुसतं बटण दाबावं लागतं.

वहिनीनं त्याचा छाप काढला आणि वर आईला दाखवायला नेला. मीही मागोमाग गेले. आईनं चष्मा पुसला, फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिनं कागदातल्या गालावरून अंगठा फिरवला. माझ्या गालावरून तिनं हात फिरवल्याचं मला आठवत नाही.

"अशी व्हायची होतीस गं तू," ती म्हणाली.

मला संताप आला. फोटो तिच्या हातातून ओढून घ्यावा असं वाटलं. पण मी तो घेतला नाही, आणि जाताजाता तिच्या खांद्यावरून पुन्हा एकदा बघून घेतला. तेही सांगते.

खाली दादानं विचारलं, काय करायचं? माझ्या हातात चुकांनी भरलेला कागद होता. बटण, दात, कुडी, खळी, मिशा. असलं काही गिऱ्हाइकाच्या फोटोला लावलं असतं तर लोकांनी आमच्या काचा फोडल्या असत्या. काढून टाका, एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात छोटी जवळ आली. तिनं आपलं आपण ठरवलेला एक मुलगा होता, आम्हाला सगळ्यांना पसंत होता. त्याच्या आईनं अजून आम्हाला पाहिलं नव्हतं आणि भेटायला येण्याआधी घरातल्या सगळ्यांचा एक फोटो मागितला होता. छोटीनं माझा हात धरला.

"आत्या, आता तू पण ये ना फोटोत."

तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. चेहरा आनंदानं फुलला होता. 'आता' म्हणजे काय ते मला लख्ख कळलं. इतकी वर्षं का नव्हते, तेही त्याच एका शब्दानं सांगून टाकलं. मी तिच्या कानाखाली वाजवायला हवी होती. पण मला फोटोत जायचं होतं. आयुष्यात एकदा तरी मला त्या ओळीत बसायचं होतं, आई आणि छोटीच्या मधे, सगळ्यांसारखं.

"ठेवा," मी म्हटलं. "चांगलं आहे."

त्या दिवशी दादाला अचानक टायमर आठवला. मी ठेवणीतले कपडे काढले. आईला खुर्चीवर बसवून खाली आणलं, तिच्याशेजारी मी, माझ्याशेजारी छोटी, मागे दादा-वहिनी. छोटीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता आणि मला कुठं बघायचं ते कळेना, इतकी मी त्या बाजूला नवखी. मग ॲड-ऑन चालवलं आणि त्यानं आपला हिसका दाखवलाच. दादाचं बटण पुन्हा गेलं, आईची दोन बोटं एकमेकांना चिकटली, छोटीची खळी बुजली. अख्खा दिवस बसून मी ते सगळं हातानं परत आणलं. कंपनीला चुका कळवायच्या होत्या, त्याही कळवल्या. माझ्या चेहऱ्याबद्दल कळवण्यासारखं काही नव्हतं.

फोटो गेला आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. विहीणबाईंना आमचं घर फार आवडलं होतं. आत्या तर किती प्रसन्न दिसतात, त्यांना भेटायची फार उत्सुकता आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. येत्या रविवारी येतो म्हणाल्या.

तेव्हा कुठं घराच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली नसती. आमचा धंदाच असा की फोटो दुरुस्त केला की माणूस दुरुस्त झालं, असं आम्हाला वाटतं. गिऱ्हाईक फोटो घेऊन जातं, त्याचं पुढं काय होतं ते बघायला आम्ही कधी गेलो नव्हतो. आता फोटोतल्या आत्याला भेटायला माणसं येणार होती आणि ती आत्या आमच्याकडे नव्हती.

दादा येरझाऱ्या घालू लागला. मी म्हटलं, खरं सांगून टाका, फोटोग्राफरचं घर आहे, हात फिरवला म्हणा. वहिनीनं कपाळावर हात मारून घेतला. एवढं लपवलं तर आणखी काय काय लपवलं असेल असं त्यांना वाटेल, ती म्हणाली. मग आवाज खाली आणून ती म्हणाली की असल्या गोष्टी रक्तातून उतरतात का, असंही विचारतील, आणि उद्या छोटीला मुलंबाळं व्हायची आहेत. मी तिथंच उभी होते. आवाज खाली आणला की मला ऐकू येत नाही, असा तिचा समज असावा.

रंग लावून झाकायचाही प्रयत्न झाला. वहिनीच्या डब्यातलं काय काय थापून मी आरशात पाहिलं, तर भिंतीला ओल आल्यावर वरून चुना मारतात तसं दिसत होतं. मी तोंड धुऊन टाकलं. संध्याकाळी छोटी मागच्या खोलीत आली आणि माझ्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी.

"आत्या, एकच दिवस," ती म्हणाली.

मी विचारलं, आणि लग्नाच्या दिवशी काय करायचं? ती स्क्रीनकडे बघत म्हणाली की तोपर्यंत काहीतरी करू. मी म्हटलं, माणसांना लावायचं ॲड-ऑन अजून निघालेलं नाही, बीटासुद्धा नाही. तिला हसू आलं नाही. ती रडायला लागली आणि मीच तिची समजूत घातली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मार खायचा मी आणि कळवळायचं तिनं.

मग त्यांनी मला परदेशी पाठवलं. तिथं मला चांगली नोकरी दिली, समुद्राच्या बाजूचं घर दिलं. वहिनीची कल्पनाशक्ती एरवी इतकी चालत नाही. रविवारी स्टुडिओ बंद, आणि मी मागच्या खोलीत दार लोटून बसायचं, असं ठरलं. सकाळी मी आईला चहा नेऊन दिला, पाहुण्यांसाठी कपबशा काढून ठेवल्या आणि खाली गेले. आई माझा तो डाग नसलेला फोटो मांडीवर घेऊन बसली होती. लवकर जा, एवढंच म्हणाली.

पाहुणे आले. वर पावलं वाजली, खुर्च्या सरकल्या, हसणी ऐकू आली. मी एका शाळकरी मुलीच्या ओळखपत्रावरची मुरमं काढत बसले. मग जिन्यावर कुणीतरी उतरल्याचा आवाज आला. विहीणबाईंना स्टुडिओ बघायचा होता. छोटी पुढं पुढं करून त्यांना कॅमेरे दाखवत होती, पडदे दाखवत होती. पण मागच्या खोलीतून स्क्रीनचा उजेड येत होता, आणि त्या बाईंनी सरळ दार ढकललं.

चांगली बाई होती. माझ्या गालाकडे नजर गेली आणि तिनं ती इतक्या सभ्यपणे दुसरीकडे वळवली की वळवताना दिसलीसुद्धा नाही, आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे आणली नाही. मी छोटीकडे पाहिलं. अजून वेळ गेली नव्हती. ही माझी आत्या, एवढं म्हणायला किती लागतं?

"या रिटचिंग करतात आमच्याकडे," छोटी म्हणाली.

गिऱ्हाइकांशी बोलायचा तिचा आवाज होता तो. त्यात खोटं काहीच नव्हतं, हे जास्त लागलं. त्या क्षणी ती मुलगी मला नकोशी झाली. मांडीवर वाढवलेलं पोर एका वाक्यात नकोसं होऊ शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

विहीणबाईंनी विचारलं, तो घरचा फोटो तुम्हीच केलात का? मी हो म्हटलं. फार सुंदर झालाय, त्या म्हणाल्या, त्यातल्या आत्या आज भेटल्या असत्या तर किती बरं झालं असतं. लग्नाला तरी येतील ना? हे त्यांनी छोटीला विचारलं. छोटीनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आत्या सांभाळून घेईल. आत्यानं नेहमीच सांभाळून घेतलं होतं.

"त्या वारल्या," मी म्हटलं. "सकाळीच इथं फोन आला. वर अजून कुणाला सांगितलेलं नाही."

छोटीचं तोंड उघडं राहिलं. तिला बोलायचं होतं, पण काय बोलणार? या खोटं सांगतात म्हणावं, तर या कोण ते सांगावं लागलं असतं. तिला रडू फुटलं. मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. विहीणबाईंनी तिला पोटाशी धरलं. आजीला सांगायला हवं, त्या म्हणाल्या, पण असं एकदम नको, मीच सांगते, माझीही बहीण अशीच गेली. आणि छोटीला धरून धरून त्या जिना चढल्या. मी स्क्रीनकडे वळले. त्या मुलीच्या हनुवटीवर एक मुरूम राहिलं होतं.

वर काय झालं ते मला वहिनीकडून कळलं. पाहुणे गेल्यावर ती खाली आली ती दात-ओठ खातच. विहीणबाईंनी आईचे दोन्ही हात हातात घेऊन बातमी सांगितली.  दादाला आणि वहिनीला लगेच समजलं की हा माझा उद्योग, पण बोलता कुणालाच येईना. मला जिवंत करायचं तर मला वर आणून उभं करावं लागलं असतं. तेवढं कुणाच्यानं झालं नाही. आणि आईनं, जिला मी सकाळीच चहा दिला होता त्या माझ्या आईनं, मांडीवरचा फोटो छातीशी धरला आणि ती धाय मोकलून रडली. माझी गुणाची पोर, माझी देखणी पोर, असं म्हणून म्हणून रडली. पाहुण्यांच्याही डोळ्यांना पाणी आलं. लग्न आता आणखीच पक्कं झालं होतं, अशा दुःखात मुलीला एकटं सोडायचं नाही असं ती माणसं सांगून गेली.

"आईंनी वेळ निभावून नेली म्हणून," वहिनी म्हणाली. "काय नाटक केलं. नाहीतर तुम्ही आमचं वाटोळंच केलं होतं."

 थोड्या वेळानं आईच्या चहाची वेळ झाली, तेव्हा चहा करून वर गेले. छोटीच्या खोलीचं दार बंद होतं. आई खिडकीत एकटीच होती. बघायला कुणी नव्हतं, ऐकायला कुणी नव्हतं, आणि ती अजून रडतच होती, आवाज न करता, पदरानं नाक पुसत. फोटो मांडीवर होता. मी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तिनं वर पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली फोटोकडे पाहिलं.

"किती देखणी होती गं," ती मला म्हणाली.

"होती खरी," मी म्हटलं आणि चहा निवेल म्हणून कपावर बशी झाकली.